काकांची यादी

काका कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो नसो. पाणी यायला किती वेळ लागतो, ते आतल्या माठातून येतं की बाहेरच्या पिंपातून, पेला विसळून देतात की तसाच, हे सगळं ते मान खाली घालून पण नीट बघत असायचे. मग पेला पूर्ण रिकामा करायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. मी एकदा विचारलं, "काका, हे कशासाठी?"

"गोळी पाण्यानेच घ्यायची ना? मग घरात पाणी कुठे असतं ते कळायला नको? ज्याला गोळीसाठी उठून शेजाऱ्याच्या नळावर जावं लागतं, तो चार दिवस घेईल. पाचव्या दिवशी कंटाळा करेल."

ते नात्याने माझे कुणी लागत नव्हते. आम्ही दोघं एकाच मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. मी सत्तावीस वर्षांची, ते अठ्ठेचाळीस. पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हटलं, तर ते मागे वळून बघायला लागले, कोण सर आले म्हणून. शेवटी "काका" ठरलं. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून "डॉक्टर" म्हणायचे. मी म्हणायची, "काका, अजून पाच वर्षं आहेत त्याला." ते म्हणायचे, "मग सवय कर."

त्याआधीची बावीस वर्षं ते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठच्या मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभे होते. तिथे त्यांच्या बोलण्यात "साईं" आणि "वडी" ही सिंधी संबोधनं अशी काही शिरली की ती पुन्हा निघालीच नाहीत. कुळगावच्या आगरी म्हातारीलासुद्धा ते "वडी साईं, बसा ना तुम्ही" म्हणायचे आणि ती गोंधळून खरंच बसायची. काउंटरला उभं राहूनच त्यांनी बाहेरून बी.ए. केलं, मग अर्थशास्त्रात एम.ए. लग्न केलं नव्हतं. अंबरनाथ पूर्वेला मोठ्या बहिणीकडे राहायचे. या वयात हे कशाला, असं त्यांना सगळेच विचारायचे आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बावीस वर्षं माणसांच्या हातात गोळ्या दिल्या. पुढे त्या माणसाचं काय झालं, एकाचंही मला माहीत नाही. बरा झाला, मेला, की समोरच्या मेडिकलमध्ये जायला लागला? कुणालाच माहीत नाही. शेठलाही नाही, डॉक्टरलाही नाही."

आमचा विषय फिटच्या गोळ्यांचा होता. ज्यांना फिट येतात, आकडी येते, त्यांना गोळ्या फुकट मिळाल्या तर ती माणसं नेमाने घेतात का, फिट किती कमी होतात, त्यामुळे कामाचे आणि शाळेचे किती दिवस वाचतात, आणि या सगळ्याची किंमत सरकारला परवडेल का. आरोग्याचं अर्थशास्त्र म्हणतात याला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि बदलापूरच्या पलीकडचे पाडे एवढा आमचा मुलूख. रुग्णांची यादी मॅडमनी चिठ्ठ्या टाकून अर्धी-अर्धी केली होती, अर्धी मला आणि अर्धी काकांना. दर महिन्याला प्रत्येकाच्या घरी जायचं, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, मागच्या किती उरल्या ते मोजायचं, फॉर्म भरायचा आणि निघायचं.

निघायचं, हे काकांना कधी जमलं नाही. एका घरी ते तास-तास बसायचे. गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटसुलट करून बघायचे आणि नाडी बघितल्यासारखं सांगायचे. "ओळीने फोडल्यात. हा नेमाचा माणूस." "हे बघ, इथून दोन, तिथून एक. याला मध्येच आठवण येते." खिशात एक छोटी कात्री असायची. दुकानात लोक चार-चार गोळ्या मागतात, तेव्हा पाकीट कापताना त्यांनी बावीस वर्षांत एकदाही मुदतीच्या तारखेची बाजू कापून टाकली नव्हती, असं ते सांगायचे. एवढी एकच गोष्ट ते अभिमानाने सांगायचे.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, गोळीने गुंगी येते का? थोडी, मध्यम की जास्त? काकांना हा प्रश्न पटेना. "थोडी म्हणजे किती?" म्हणून त्यांनी स्वतःच आठ दिवस त्या गोळ्या घेतल्या. कुणाला न सांगता. पाचव्या दिवशी मॅडम आकडेवारी समजावत असताना ते बाकावर डोकं टेकून झोपले, आणि उठवल्यावर दाराऐवजी कपाटाच्या दिशेने चालू लागले. मॅडमना कळलं तेव्हा त्या ओरडल्याच. "तुम्हाला काही झालं असतं तर जबाबदार कोण?" काका नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आता मला कळलं. भिंत लांब असल्यासारखी वाटते, पण जवळ असते." आणि त्यानंतर प्रत्येक फॉर्मच्या समासात ते लिहायला लागले, या बाईला भिंत लांब वाटते, या मुलाला वाटत नाही. मॅडम म्हणायच्या, "अहो, फॉर्म आहे हा, कादंबरी नाही."

याच समासातून मला पहिल्यांदा बारकी कळली.

बारवी धरणाच्या रस्त्याला आत एक पाडा आहे. भातशेती, जंगलातला लाकूडफाटा, नाहीतर बांधकामावर मजुरी, यावर तिथली घरं चालतात. तिथली ही एकोणीस वर्षांची मुलगी काकांच्या यादीत होती. तिला घरात, पाड्यात सगळे बारकीच म्हणायचे. नववीत वर्गात फिट आली आणि शाळा सुटली. लग्नाची दोन स्थळं येऊन परत गेली होती. एकदा काकांबरोबर मीही तिच्याकडे गेले. फॉर्मच्या शेवटच्या पानावर एका शिडीचं चित्र असायचं. खाली शून्य, वर शंभर. आज तुमची तब्येत या शिडीवर कुठे आहे, असं विचारायचं. बहुतेक लोक सुटका करून घेण्यासाठी "पन्नास" म्हणायचे. बारकीने चित्र बराच वेळ बघितलं.

"शंभरावर काय हाय?"

"शंभरावर म्हणजे एकदम बरी. कधीच फिट नाही, काही नाही," काका म्हणाले.

"तशी लोकं असतात?"

"पुष्कळ असतात."

"मंग ती वर बसून काय करतात?"

काका हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, "ते मला कुणी सांगितलेलं नाही गं. तू कुठे आहेस?"

"सत्तर लिवा. पण पाय लोंबतात म्हणून लिवा."

काकांनी ते समासात जसंच्या तसं लिहिलं.

माझं काम वेगळं होतं. मला पीएच.डी. संपवायची होती. बदलापूरच्या कात्रपमध्ये आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, बाबा कंपनीतून घरी बसलेले, आणि फेलोशिप ठरावीक मुदतीची. माझ्या यादीत कॅम्प पाचचा एक जीन्स शिवणारा होता. दोनदा गेले, कुलूप. तिसऱ्या वेळी मी जिन्यातच बसले आणि फॉर्म भरून टाकला. गोळ्या उरल्या, शून्य. फिट, नाही. शिडी, ऐंशी. दुसऱ्या दिवशी काका फॉर्म लावत होते. तो हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "याच्याकडचं पाणी कसं होतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"घरातलं होतं की जारचं?"

काकांनी फॉर्म फाडला नाही, मॅडमना सांगितलं नाही. फक्त चप्पल घातली आणि म्हणाले, "चल, डॉक्टर." त्या दिवशी भर उन्हात आम्ही कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यांचे सतरा जिने चढलो. शेवटी एका पानवाल्याने सांगितलं, "वो तो अंबरनाथ गया, भाई के पास." अंबरनाथला तो सापडला. कपाळावर शिवलेली ताजी जखम होती. फिट येते हे कळल्यावर कारखान्याने काढून टाकलं होतं, तेव्हापासून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. सगळ्या उशीखाली होत्या. "जिसके लिये खाता था, वो काम ही गया," तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडेही आधी पाणी मागितलं.

परत येताना मी रडले. काका म्हणाले, "अगं, तू शून्य लिहिलंस, तेव्हा तो तुझ्या कागदावर बरा झाला. आता तिकडे कोण बघणार?" तेवढंच. त्यानंतर मी एकही फॉर्म खोटा भरला नाही. हे मी चांगुलपणाने सांगत नाही. त्यांच्यासमोर पुन्हा तसं उभं राहायची मला भीती वाटत होती.

सहा महिन्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा एक गोष्ट सरळ दिसली. काकांच्या यादीतल्या माणसांना माझ्या यादीतल्यांपेक्षा खूपच कमी फिट आल्या होत्या. गोळ्या तर जवळजवळ कुणाच्याच उरत नव्हत्या. एकच औषध, एकच मुलूख, चिठ्ठ्या टाकून केलेल्या याद्या. मॅडम म्हणाल्या, "तुझं काहीतरी चुकतंय. लोकांशी नीट बोलतेस ना?" मी रात्रंदिवस तेच घोकत राहिले. काय चुकतंय माझं?

उत्तर कुळगावला मिळालं. माझ्या यादीतली एक बाई सहज बोलून गेली, "माझ्या जावेच्या भावाला तुमचे ते काका रोज आठला फोन करतात. तुम्ही नाही करत?"

मी त्या भावाकडे गेले. त्याने हसत सांगितलं, "रोज. रात्री आठ म्हणजे आठ. मी हॅलो म्हणायच्या आत विचारतात, 'गोळी?' मी 'घेतली' म्हटलं की फोन ठेवतात. पहिला महिना राग यायचा. आता आठला फोन वाजायच्या आधीच हात डब्याकडे जातो."

आपल्या यादीतल्या प्रत्येकाला. सहा महिने. रोज. पुढे त्यांच्या बहिणीने मला सांगितलं की साडेसातला जेवण उरकून ते बाल्कनीत जायचे आणि साडेनऊपर्यंत आत यायचे नाहीत. ज्यांचा नंबर उशिरा लागायचा, त्यांच्यासाठी "आठ" म्हणजे सव्वानऊ असायचे.

मी हे मॅडमना सांगितलं. अभ्यासाच्या भल्यासाठी सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. खरं कारण एवढंच होतं की माझी यादी वाईट दिसत होती आणि त्यात माझा दोष नव्हता.

मॅडमनी काकांना बोलावलं. मी कोपऱ्यात बसून होते. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या चुकीच्याही नव्हत्या, हे मी आजही म्हणते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आपण काय शोधतोय? गोळी फुकट मिळाली तर माणूस आपणहून घेतो का, हे. तुमची माणसं तुमच्या फोनमुळे घेतात. उद्या या आकड्यांवर कुणी निर्णय घेतला, राज्यभर गोळ्या वाटल्या, तर त्या सगळ्या घरी रोज तुम्ही फोन करणार आहात?"

"करता आला असता तर केला असता, मॅडम," काका म्हणाले.

"पण येणार नाही. म्हणजे तुमचे आकडे लोकांना फसवतील. गोळी वाटली की काम झालं असं वाटेल. काम झालेलं नसेल. मग जी माणसं राहून जातील, ती कुणाच्या माथी?"

काका कात्रीच्या कड्यात बोट घालून बसले. मॅडमनी एक मार्ग काढला. पहिले सहा महिने बाजूला ठेवायचे, पुढचे सहा महिने फोन पूर्ण बंद, तसं लिहून द्यायचं. निदान अर्धे आकडे वाचतील, काकांची पीएच.डी. वाचेल. काकांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. बाहेर आल्यावर मला वाटलं, ते आता माझ्याकडे बघतील आणि विचारतील. त्यांनी विचारलं, "चहा घेणार, डॉक्टर?" मी सांगितल्याचं त्यांना माहीत होतं. मी चहाला नाही म्हटलं.

शेवटचे फोन त्यांनी संध्याकाळी आमच्या खोलीतूनच केले. जिथून गोळ्या मिळायच्या त्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला आम्हाला एक छोटी खोली दिलेली होती, पंखा आणि दोन टेबलं. मी समोरच्या टेबलावर होते. प्रत्येकाला ते तेच सांगत होते, उद्यापासून फोन नाही, तुमचं तुम्ही घ्यायचं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "नियम आहे, साईं." बारकीचा फोन तिच्या भावाकडे असायचा. ती फोनवर आली तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"बारके, उद्यापासून मी फोन नाही करणार."

"का ओ? आजारी हाव?"

"नाही. आता तूच घ्यायची. सकाळची तर घेतेसच. रात्री आठ वाजले ते कसं कळेल तुला?"

"शेजारी टीव्हीवर शिरेल लागते ना आठला. गाणं ऐकू येतं इथपत्तुर."

"रविवारी शिरेल नसते."

"रविवारी तुम्ही आठवाल," ती म्हणाली आणि हसली.

पुढच्या महिन्यात काका दर घरी गेले, गोळ्या दिल्या, मोजल्या, आणि तासभर न बसता उठले. समासात काही लिहिलं नाही. त्यांचे फॉर्म माझ्यासारखे दिसायला लागले. मॅडम म्हणाल्या, "बघा, जमतंय ना?" दिवाळी होऊन गेली होती. बारकीकडे त्यांनी महिन्याच्या साठ गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी तिच्या भावाचा फोन आला. ती ओहोळावर कपडे धुवायला गेली होती. बरोबर दोघी होत्या, पण त्या आधी घरी आल्या. हिला मागे राहिलेली पाहून आई बघायला गेली. पाणी गुडघ्याएवढं होतं.

आम्ही पाड्यात पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. घराबाहेर माणसं बसली होती. काकांनी त्या दिवशी पाणी मागितलं नाही. बारकीची आई आतून आली आणि तिने एक प्लास्टिकची पिशवी काकांपुढे धरली. आत गोळ्या होत्या.

"घेऊन जावा. घरात ठेवत नाय मी. दुसऱ्या कुनाला व्हतील."

काकांनी पिशवी घेतली. ती म्हणाली, "रोज घ्यायची ओ. शेजारी गाणं लागलं का घ्यायची. मी बघितलंय." काकांनी मान हलवली. सगळ्याच आया असं सांगतात, हे त्यांना माहीत होतं, मलाही. मग तिनेच विचारलं, "मंग का आली फिट?"

काकांनी हातातल्या पिशवीकडे बघितलं. मीच काहीतरी म्हटलं, मला आठवत नाही काय. बहुतेक "नशीब" म्हटलं असणार. चार वर्षं शिकून.

टमटमने आम्ही बदलापूरला उतरलो. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीत काका बाकावर बसले आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"तू मोज."

इतक्या महिन्यांत त्यांनी दुसऱ्याला मोजायला दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पाकिटं टेबलावर काढली. ज्या दिवशी गोळ्या दिल्या त्या रात्रीपासून धरून, बाराव्या दिवसाची सकाळची पकडून, चोवीस घ्यायला हव्या होत्या. उरायला हव्या छत्तीस. मोजताना मला मनातून काय हवं होतं ते मी सांगू शकत नाही. जास्त उरल्या असत्या तर दोष काकांच्या बंद झालेल्या फोनचा, म्हणजे मॅडमचा, म्हणजे माझा.

"छत्तीस," मी म्हटलं.

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजल्या. "छत्तीसच आहेत, काका. एकही चुकवलेली नाही. सकाळचीसुद्धा घेतली होती तिने." मला वाटलं, मी त्यांना सोडवते आहे. मी भराभरा बोलत सुटले, की काही जणांना गोळ्या घेऊनही फिट येतातच, हे आपल्याला माहीतच आहे, माझ्या दुसऱ्या प्रकरणात मी तेच लिहिलंय, त्यामुळे यात फोनचा काहीच संबंध नाही, तुमचा काहीच दोष नाही.

काकांनी पाकिटं हातात घेतली. ओळीने फोडलेली होती, वरून खाली, एकामागून एक.

"माझी चूक निघाली असती तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारली असती."

"आपण सांगितलं ते सगळं केलं तिने. एकही कमी नाही. बावीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो, वेळेवर घ्या, काही होत नाही. काउंटरवरून सांगायचो. काही होत नाही, साईं, वेळेवर घ्या." त्यांनी पिशवीला गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली. चहा तसाच राहिला.

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मोजल्या?" मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, आठ दिवस येऊ नका. मग या." काका आठ दिवसांनी आले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचं एक पत्र आलं. त्यात पीएच.डी. सोडत असल्याचं एक वाक्य होतं, आणि बाकी पानभर त्यांच्या यादीतल्या माणसांचे पत्ते कसे सापडतात याच्या खुणा. कुणाच्या दारात तुळस, कुणाच्या खाली केबलवाला, कुणाला हाक मारण्याआधी कुत्रा बांधायला सांगावं लागतं. कारण दिलेलं नव्हतं. मॅडमनी तीन वेळा फोन केला. बहिणीने उचलला. काकांनी फोन वापरणंच सोडलं होतं.

त्यांची माणसं माझ्याकडे आली. घरोघरी तोच प्रश्न, काका कुठे आहेत? आणि मग, आता फोन का करत नाहीत? मी त्यांना फोन केले असते तर चाललं असतं. काका गेल्यावर मॅडमनी त्यांची यादी अभ्यासातून वगळली होती, तिचे आकडे आता कुणालाच नको होते, ते कशाने बिघडणार होते? पण मी केले नाहीत. मला प्रकरणं लिहायची होती, मुदत जवळ आली होती. त्यातल्या काहींनी पुढे गोळ्या बंद केल्या. मी ते फॉर्मवर बरोबर लिहिलं.

मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "मूळ यादी मोठी दिसते, निम्मी का वगळलीत?" मी म्हटलं, "दुसऱ्या संशोधकाकडून अभ्यासाच्या पद्धतीचं पालन झालं नाही." त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. बाहेर बाबा पेढे घेऊन उभे होते.

काकांना भेटायला मी गेले ते त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन. ते अंबरनाथ पूर्वेला, बहिणीच्या इमारतीखालच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत होते. मेडिकलच्या शेठने पुन्हा बोलावलं होतं, ते गेले नाहीत, हे बहिणीने सांगितलं. वाळले होते. मला बघून उठले. स्टूल पुसून दिलं. "झालीस का, डॉक्टर?" म्हणाले आणि खरोखर आनंदले. मला ते सहन होईना. मी घाईघाईने प्रत त्यांच्या हातात दिली. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव होतं, ते मी त्यांना उघडून दाखवणार होते. त्यांनी ते पान बघितलंच नाही. ते सरळ मधल्या प्रकरणात गेले, एकेक पान बोटाने सरकवत, ओळी वाचत, पुढे, परत मागे.

"काय शोधताय, काका?"

"बारकी कुठे आहे?"

मला कळायला वेळ लागला. मग मी त्यांच्या हातून प्रत घेऊन ते पान काढलं, जिथे अभ्यासात किती माणसं आली, किती राहिली, याचा तक्ता असतो. बाजूला एक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं "वगळलेले", आणि पुढे एक आकडा.

"यात," मी म्हटलं. "तुमची पूर्ण यादी यात आहे."

"म्हणजे ती गेली, हे यात कुठे नाही."

"नाही."

"आणि तिने सगळ्या घेतल्या होत्या, ते?"

"तेही नाही, काका."

त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. तिला आधार कार्डाच्या दोन प्रती हव्या होत्या, लवकर, रिक्षा थांबली होती. काका म्हणाले, "एक मिनिट, ताई." बाईने पुन्हा सांगितलं, घाई आहे. काका पुन्हा म्हणाले, "एक मिनिट."

त्यांनी बोट उचललं नाही. शेवटी मीच उठले, बाईच्या हातून कार्ड घेतलं आणि मशीनचं झाकण उघडलं.